संदर्भ वाचतानाच टिपा: ब्लॅक बुक आणि लघुप्रबंधासाठी संदर्भ देण्याची रीत

टीवायचे ब्लॅक बुक (पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प-अहवाल) असो की एम.ए.चा लघुप्रबंध, त्यातले सर्वांत घाईत लिहिलेले पान बहुधा शेवटचे असते: संदर्भसूचीचे. मजकूर तयार असतो, बाइंडिंगवाला उद्या दुपारपर्यंतच घेणार असतो, आणि रात्री अकरा वाजता शोध सुरू होतो की हे वाक्य कुठल्या पुस्तकातले, आवृत्ती कोणती, पान कितवे. पुस्तक तर केव्हाच ग्रंथालयात परत गेलेले. मग गुगलवर जो मिळेल तो प्रकाशक आणि जे मिळेल ते साल चिकटवले जाते. संदर्भातल्या बहुतेक चुका अशा होतात. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, हे माहीत नसल्यामुळे होणाऱ्या चुका त्यामानाने किरकोळ. त्या एका बैठकीत दुरुस्त होतात. पानक्रमांकच टिपला नसेल तर मात्र कुठलीही शैलीपुस्तिका मदतीला येत नाही.

म्हणून सुरुवात संदर्भसूचीपासून नको, वाचनाच्या टेबलापासून करू.

पुस्तक हातात आहे तोवर

प्रत्येक पुस्तकाचे किमान तीन फोटो मोबाइलवर काढा. पहिला शीर्षकपानाचा, दुसरा शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा, तिसरा ज्या पानावरचा मजकूर वापरणार त्या पानाचा, आणि तोही पानक्रमांक दिसेल असा. मुखपृष्ठाचा फोटो पुरत नाही. मुखपृष्ठावर उपशीर्षक गाळलेले असते, संपादकाचे नाव कधी नसतेच, आणि साल तर जवळजवळ कधीच नसते. ही माहिती शीर्षकपानावर आणि त्याच्या पाठीमागे असते: लेखक, संपादक किंवा अनुवादक, प्रकाशक, गाव, आवृत्ती, साल. नोंद करताना मुखपृष्ठ आणि शीर्षकपान यांत फरक दिसला तर शीर्षकपानावरचे नाव घ्या.

आवृत्तीकडे नीट बघा. पुनर्मुद्रण म्हणजे तीच पाने पुन्हा छापलेली, त्यामुळे पानक्रमांक सहसा तेच राहतात. सुधारित आवृत्तीत ते बदलतात. मराठी प्रकाशक मात्र साध्या पुनर्मुद्रणालाही अनेकदा ‘तिसरी आवृत्ती’ म्हणतात, त्यामुळे केवळ शब्दावर विसंबून चालत नाही. सुरक्षित मार्ग एकच: जी प्रत तुम्ही वाचली तिचेच साल आणि तिचेच पान द्या, आणि पहिल्या आवृत्तीचे साल वेगळे नोंदवा.

जुन्या मराठी पुस्तकांवर साल शकात असते. शके १७८५ म्हणजे इसवी सन १८६३. शकात ७८ मिळवायचे. पण शक वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवावे लागतात. पुस्तकावर नुसते शक वर्ष असेल आणि महिना नसेल तर ‘शके १७८५ (१८६३–६४)’ असे दोन्ही लिहा. अंदाजाने एकच साल ठोकून देऊ नका.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, फोर्टमधल्या एशियाटिक सोसायटीत किंवा कलिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात बसून वाचत असाल तर ग्रंथालयाचे नाव आणि पुस्तकाचा दाखलक्रमांकही लिहून ठेवा. संदर्भसूचीत त्याची गरज पडत नाही, पण पुन्हा ते पान पाहायचे झाले तर तासभर वाचतो. नाजूक झालेल्या जुन्या पुस्तकांची झेरॉक्स बरेचदा मिळत नाही, म्हणून तिथे हाताने उतरवून घेण्याची तयारी ठेवून जा आणि फोटो काढण्याआधी परवानगी विचारा.

टिपणे काढताना तीन गोष्टी डोळ्यांना वेगळ्या दिसल्याच पाहिजेत: लेखकाचे शब्द जसेच्या तसे, लेखकाचे म्हणणे तुमच्या शब्दांत, आणि तुमचा स्वतःचा विचार. पहिल्याला न विसरता अवतरणचिन्हे लावा आणि तिथल्या तिथे पान लिहा. दुसऱ्यालाही पान लिहा. तिसऱ्यापुढे ‘माझे’ असे लिहा किंवा वेगळ्या रंगाचे पेन वापरा. दोन महिन्यांनी वहीतले एखादे सुबक वाक्य आपले की पुस्तकातले, हे कोणालाच आठवत नाही. नकळत होणारे वाङ्मयचौर्य बहुतेक वेळा या एका वगळलेल्या अवतरणचिन्हातून येते.

पीडीएफ वाचत असाल तर आणखी एक खबरदारी घ्या. स्क्रीनवर वर दिसणारा आकडा हा फाइलमधल्या पानाचा असतो, पुस्तकातल्या पानाचा नव्हे. प्रस्तावना, अनुक्रमणिका धरून फाइलचे पान ६३ असेल तेव्हा छापील पान ४७ असू शकते. संदर्भात छापील आकडा द्यायचा.

संदर्भ कशाला द्यायचा आणि कशाला नाही

‘सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीला संदर्भ लागत नाही’ हा नियम बरोबर आहे, पण त्याची सीमा कुठे, इथे विद्यार्थी अडखळतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत अतिवृष्टी होऊन शहर ठप्प झाले, याला संदर्भ नको. त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, असे लिहिलेत की संदर्भ हवा. आणि मूळ नोंदीपर्यंत गेलात तर कळते की हा आकडा सांताक्रूझ वेधशाळेचा आहे. कुलाब्याला त्याच चोवीस तासांत शंभर मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. ‘मुंबईत ९४४ मिलिमीटर’ हे वाक्य पंचवीस ठिकाणी सापडते आणि पंचवीस ठिकाणी अर्धवट असते. स्रोताशी गेल्याशिवाय हा अर्धवटपणा लक्षात येत नाही.

लोकसंख्येचेही तसेच. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत १,२४,४२,३७३ लोक राहत होते. पण अनेक बातम्यांत आणि जुन्या प्रकल्पांत १,२४,७८,४४७ हा आकडा दिसेल. तो आधी जाहीर झालेला तात्पुरता आकडा. तिसरीकडे १ कोटी ८४ लाख दिसेल. त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली वगैरे धरून अख्खा नागरी समूह मोजलेला आहे. तीनही आकडे जनगणनेचेच. तुमच्या प्रकल्पात पहिल्या प्रकरणात एक आणि चौथ्यात दुसरा आला तर व्हायवाला उत्तर देता येणार नाही. म्हणून आकड्यासोबत तीन गोष्टी लिहा: कोणाची गणना, कोणती हद्द, तात्पुरता की अंतिम.

ज्याला संदर्भ हवाच असे प्रकार थोडक्यात: कुणाचेही जसेच्या तसे शब्द, कुणाचे मत, व्याख्या किंवा वर्गीकरण, मग ते तुमच्या शब्दांत का असेना, आकडेवारी, तक्ता, नकाशा, छायाचित्र, आणि ज्यावर अभ्यासकांत वाद आहे असे कोणतेही विधान. शंका असेल तेव्हा द्या. एखादा संदर्भ जास्त झाला तर गाईड खोडतील, एवढेच.

अवतरण, आशय आणि अनुवाद

हा भाग सावकाश वाचावा, कारण चोरीचा आरोप येतो तो इथेच.

समजा एका पुस्तकात पान ४७ वर हे वाक्य आहे (नमुन्यासाठी रचलेले): ‘संप लांबला तशा गिरणगावातल्या खानावळी बंद पडत गेल्या, कारण कामगार पगाराच्या दिवशी महिन्याचा हिशेब चुकता करत आणि पगारच थांबल्यावर उधारी वाढत गेली.’

बरेच विद्यार्थी ते असे ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहितात: संप लांबत गेला तसतशा गिरणगावातील खाणावळी ठप्प झाल्या, कारण मजूर वेतनाच्या दिवशी मासिक हिशोब पूर्ण करीत आणि वेतनच बंद झाल्यावर उधारी चढत गेली.

कामगारच्या जागी मजूर आणि पगारच्या जागी वेतन आले, वाक्याचा सांगाडा मात्र तोच राहिला. खाली संदर्भ दिला तरी हे चालत नाही, कारण वाचकाला वाटते की वाक्यरचना तुमची आहे. आशय खरोखर आपल्या शब्दांत आणायचा तर पुस्तक मिटा, दोन मिनिटे थांबा आणि मुद्दा आठवून लिहा: ‘गिरणगावातल्या खानावळी कामगारांच्या पगारावर चालत होत्या. संपात पगार थांबला, महिन्याची उधारी वसूल होईना, आणि म्हणून त्यांना टाळे लागले असे लेखक दाखवून देतात (आडनाव, २००४, पृ. ४७).’ मग पुस्तक उघडून दोन्ही ताडून पाहा. अर्थ बदलला नाही ना, आणि एखादा खास शब्दप्रयोग तसाच उतरला नाही ना? उतरला असेल आणि तो हवाच असेल, तर तेवढ्या शब्दांना अवतरणचिन्हे लावा.

संदर्भ परिच्छेदाच्या शेवटी एकदाच टाकून मोकळे होण्याची सवय सोडा. सहा वाक्यांच्या परिच्छेदात पहिली चार पुस्तकातली आणि शेवटची दोन तुमची असतील, तर शेवटी टाकलेला कंस तुमचे विश्लेषणही त्या लेखकाच्या नावावर जमा करतो. लेखकाचे नाव सुरुवातीला घ्या (‘अमुक यांच्या मते’), जिथे त्यांचे म्हणणे संपते तिथे पान द्या, आणि पुढचे वाक्य स्पष्टपणे आपले म्हणून सुरू करा.

अवतरण देताना मजकुराला हात लावायचा नाही. मधले शब्द गाळले तर तीन टिंबे, स्वतःचा शब्द घातला तर चौकटी कंस. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘मुंबईचें’, ‘नाहीं’ असे अनुस्वार भेटतात. ते तसेच ठेवा. ती चूक नव्हे. लांब अवतरण वेगळ्या परिच्छेदात, डावीकडून अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय घ्यायचे. एपीए शैलीत (संदर्भ देण्याच्या शैलींविषयी पुढे येते) ही मर्यादा ४० शब्दांची आहे, एमएलएमध्ये गद्याच्या चार ओळींपेक्षा जास्त.

मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनुवादाची. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणला म्हणजे तो आपला होत नाही. साम्य तपासणारे सॉफ्टवेअर तो बहुधा पकडणार नाही, हे खरे. पण विषयातल्या परीक्षकाने ते पुस्तक वाचलेले असते, आणि इंग्रजी वळणाची मराठी वाक्ये त्याला लगेच कळतात. अनुवाद करून अवतरण द्यायचे असेल तर अवतरणचिन्हे, मूळ पुस्तकाचे पान आणि पुढे ‘अनुवाद माझा’ असे लिहा. बरेच उतारे असतील तर प्रस्तावनेत एकदाच ‘इंग्रजी अवतरणांचे अनुवाद प्रस्तुत लेखकाचे आहेत’ असे सांगून टाका.

आणखी एक नेहमीचा प्रसंग: एका पुस्तकात दुसऱ्या पुस्तकातले अवतरण सापडते आणि तुम्हाला तेच वापरायचे असते. आधी मूळ पुस्तक मिळते का पाहा. मिळाले नाही तर दोघांचीही नावे घ्या: ‘अमुक (१९३५), तमुक (१९९८, पृ. १२) मध्ये उद्धृत’. संदर्भसूचीत मात्र तमुकच. जे पुस्तक तुम्ही उघडलेच नाही ते सूचीत टाकणे म्हणजे वाचल्याचा खोटा दावा, आणि मधल्या लेखकाने पान चुकवले असेल तर ती चूकही तुमच्या अंगावर.

शैली निवडा आणि ती पाळा

आधी विभागाला विचारा. कॉलेजने नमुना दिलेला असेल तर तोच अंतिम. इथे वाचलेलेही त्यापुढे गौण. नसेल तर साहित्य आणि भाषांसाठी एमएलए (नववी आवृत्ती, २०२१), मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य आणि व्यवस्थापनासाठी एपीए (सातवी आवृत्ती), इतिहासासाठी शिकागोच्या तळटीपा, वैद्यकीय विषयांसाठी व्हँकुव्हर अशी सर्वसाधारण वाटणी आहे.

डॉ. आंबेडकरांचे १९२३ चे एकच पुस्तक यांतल्या पहिल्या तीन शैलींत कसे दिसते ते पाहा.

एपीए: आंबेडकर, बी. आर. (१९२३). ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी: इट्स ओरिजिन अँड इट्स सोल्यूशन’. पी. एस. किंग अँड सन.

एमएलए: आंबेडकर, बी. आर. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी: इट्स ओरिजिन अँड इट्स सोल्यूशन’. पी. एस. किंग अँड सन, १९२३.

शिकागो तळटीप (सतराव्या आवृत्तीनुसार): बी. आर. आंबेडकर, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी: इट्स ओरिजिन अँड इट्स सोल्यूशन’ (लंडन: पी. एस. किंग अँड सन, १९२३), मग पानक्रमांक.

एपीएमध्ये साल पुढे येते, कारण त्या विषयांत संशोधन किती ताजे हे आधी पाहतात. एपीएच्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनाचे गाव काढून टाकले आहे. जुन्या पुस्तिकेवरून नक्कल करणारे ते अजून लिहितात. शिकागोच्या तळटीपेत नाव सरळ क्रमाने, संदर्भसूचीत आडनाव आधी. मजकुरातला संदर्भही वेगळा: एपीएमध्ये (आंबेडकर, १९२३, पृ. ४७), एमएलएमध्ये (आंबेडकर ४७), मध्ये स्वल्पविरामही नाही. तीन किंवा अधिक लेखक असतील तर दोन्हीकडे मजकुरात पहिल्याच वेळेपासून ‘पहिला लेखक व इतर’. एपीएच्या सूचीत मात्र २० लेखकांपर्यंत सगळी नावे द्यावी लागतात.

खंडातला लेख ही वेगळी नोंद आहे. डॉ. आंबेडकरांचे १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ बहुतेक विद्यार्थी महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ मध्ये काढलेल्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या पहिल्या खंडातून वाचतात, आणि मग संदर्भात फक्त १९३६ लिहितात. पण पानक्रमांक १९७९ च्या खंडाचा असतो, तेव्हा १९३६ ची प्रत उघडणाऱ्याला त्या पानावर भलतेच सापडेल. नोंद अशी हवी: लेखक, लेखाचे नाव (मूळ प्रकाशन १९३६), मग खंडाचे नाव, खंड १, संपा. वसंत मून, प्रकाशक, १९७९, आणि त्या लेखाची पहिली ते शेवटची पाने. मजकुरातल्या कंसात एपीएनुसार दोन्ही साले येतात: (आंबेडकर, १९३६/१९७९, पृ. अमुक).

मराठी सूचीतल्या अडचणी

शैलीपुस्तिका इंग्रजीत लिहिलेल्या असल्याने मराठीचे प्रश्न त्यांत सुटत नाहीत. पुढचे निर्णय तुम्हीच घ्यायचे आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाळायचे.

पुस्तकांची नावे इंग्रजीत तिरप्या अक्षरांत छापतात. देवनागरी तिरपी केली की वाचायला त्रास होतो, आणि काही फॉन्टमध्ये मात्रा शेजारच्या अक्षरावर चढतात. एकेरी अवतरणचिन्हे वापरावीत, असे आमचे मत. नियतकालिकांच्या नावालाही तीच, आणि लेखाच्या शीर्षकाला दुहेरी.

आडनाव आधी, मग नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव. टोपणनावाने लिहिणाऱ्यांना उलटे करू नका. कुसुमाग्रज ‘क’ मध्येच येतात. संतांची नावेही तशीच ठेवा आणि अभंगाचा किंवा ओवीचा क्रमांक देताना कोणती गाथा, कोणती प्रत हे सांगा, कारण प्रतीगणिक क्रमांक बदलतात. डॉ., प्रा., श्री. या उपाध्या सूचीत येत नाहीत.

सूची देवनागरी वर्णक्रमाने लावा. वर्डमधल्या ‘सॉर्ट’ने हे काम होते, पण ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ने सुरू होणारी नावे ‘क’ आणि ‘ज’ मध्ये जाऊ शकतात; वर्णमालेच्या शेवटी हवी असतील तर हाताने हलवा. मराठी आणि इंग्रजी पुस्तके एका सूचीत मिसळण्यापेक्षा दोन याद्या ठेवणे वाचकाच्या सोयीचे.

तळटीपांत मराठी प्रबंधांतून ‘तत्रैव’ (लगेच आधीच्याच पुस्तकात) आणि ‘उनि’ (आधी सांगितलेल्या पुस्तकात) रूढ आहेत. कच्चा मसुदा लिहीत असताना ते वापरू नका. मध्ये एक नवी तळटीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवते, आणि ही चूक वाचून कळतही नाही. आधी सगळीकडे आडनाव, छोटे शीर्षक आणि पान असे लिहा. वापरायचेच असेल तर तळटीपा पक्क्या झाल्यावर बदला. एमएलए आणि एपीएमध्ये यांची गरजच नाही.

पुस्तकाबाहेरचे स्रोत

नियतकालिकाच्या लेखाला खंड आणि अंक दोन्ही लागतात. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ १९६६ पासून निघते, त्यामुळे १९६६ चा खंड १ आणि २०१५ चा खंड ५०. तुमच्या नोंदीत २०१५ पुढे खंड ४८ असेल तर दोहोंतले एक चुकले आहे. कोणत्याही साप्ताहिकाचा किंवा मासिकाचा असा ताळा पाहता येतो. मराठी नियतकालिकांत ‘वर्ष १२, अंक ३’ असते. दिवाळी अंकाला ‘दिवाळी २०१९’ पुरते.

वर्तमानपत्राच्या बातमीला तारीख, शीर्षक, आवृत्ती आणि पान. मुंबई आणि पुणे आवृत्तीत पाने वेगळी असतात. संकेतस्थळावरची बातमी वाचली असेल तर पान देऊ नका, पत्ता द्या. शीर्षक छापील अंकापेक्षा वेगळे असण्याची शक्यता असते.

शासन निर्णयासाठी विभागाचे नाव, विषय, निर्णय क्रमांक आणि तारीख. जीआरच्या शेवटच्या परिच्छेदात शासनाच्या संकेतस्थळावरचा संकेतांकही दिलेला असतो. तो जरूर उतरवा, कारण सरकारी पानांचे पत्ते बदलत राहतात आणि संकेतांकावरून जीआर पुन्हा शोधता येतो.

न्यायनिर्णयात पक्षकारांची नावे आणि अहवालाचा संदर्भ. मुंबईच्या पदपथवासीयांचा खटला: ओल्गा टेलिस वि. बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन, (१९८५) ३ एससीसी ५४५. म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या अहवालाचा १९८५ चा तिसरा खंड, पान ५४५. हाच निर्णय ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या अहवालात एआयआर १९८६ एससी १८० असा दिसतो; १९८६ हे त्या अहवालाचे वर्ष, निर्णय १९८५ चाच. निर्णयातला नेमका भाग दाखवायला परिच्छेद क्रमांक द्या, कारण तो छापील आणि ऑनलाइन प्रतीत जुळण्याची शक्यता जास्त.

मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते. तेच नोंदीचा लेखक म्हणून द्या. विकिपीडिया वाटाड्या म्हणून वापरा: पानाच्या तळाशी दिलेल्या स्रोतांपर्यंत जा, ते वाचा आणि त्यांचा संदर्भ द्या. कोणतेही वेबपान वापरलेत की त्याच दिवशी वेबॅक मशीन या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात जतन करा आणि पाहिल्याची तारीख लिहून ठेवा. फेरफार होत राहणाऱ्या पानांसाठी ती तारीख संदर्भातही द्यावी लागते.

स्वतः घेतलेल्या मुलाखती, म्हणजे वरळी कोळीवाड्यात मासे विकणाऱ्या मावशींशी केलेली बातचीत वगैरे, एपीएच्या संदर्भसूचीत येत नाहीत. संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती हे तुमचेच साहित्य. ते पद्धतीच्या प्रकरणात सांगायचे आणि मजकुरात ‘मुलाखत ४’ असा संकेत द्यायचा. नाव वापरण्याची संमती घेतली नसेल तर बदललेले नाव वापरा आणि तसे नमूद करा.

प्रत्येक तक्त्याखाली आणि नकाशाखाली ‘स्रोत:’ लिहा. आकडे दुसऱ्याचे आणि टक्केवारी तुम्ही काढलेली असेल तर ‘जनगणना २०११ वर आधारित; टक्केवारी प्रस्तुत लेखकाची’.

झोटेरो, गुगल स्कॉलर आणि एआय

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर मोफत आहे. वर्डमध्ये बसते, संदर्भ घातले की सूची आपोआप तयार होते, शैली एका क्लिकवर बदलते. साठ संदर्भांच्या पुढचा लघुप्रबंध त्याशिवाय करू नये. ऑनलाइन साठ्याची मोफत मर्यादा ३०० एमबी आहे, म्हणून पीडीएफ स्वतःच्या संगणकावरच ठेवा. मराठी लेखकाचे नाव भरताना आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत आहेत ना, हे बघा. टोपणनावासाठी एकच रकाना करण्याचे बटण शेजारीच असते. मराठी सूचीत मधूनच इंग्रजी संक्षेप उमटले तर शेवटच्या प्रतीत हाताने बदला, पण त्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, कारण झोटेरो सूची ताजी करते तेव्हा हाताने केलेले बदल पुसले जातात.

गुगल स्कॉलरमधला तयार संदर्भ हा कच्चा माल समजा. त्यात प्रकाशक गळलेला असतो, पुनर्मुद्रणाचे साल मूळ साल म्हणून आलेले असते, भारतीय नावांत आडनाव कोणते याचा घोळ असतो. शीर्षकपानाच्या फोटोशी ताडून पाहा.

एआयने दिलेल्या संदर्भांबद्दल कडक राहा. लेखक खरा, नियतकालिक खरे आणि लेखच अस्तित्वात नाही, असे संदर्भ ही साधने सहज बनवून देतात. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून नेमका तोच लेख उघडतो का पाहा; तो नेहमी १० ने सुरू होतो. डीओआय नसेल तर त्या खंडाची अनुक्रमणिका पाहा. लेख डोळ्यांनी दिसला नाही तर संदर्भ काढून टाका. मजकूर लिहिण्यात एआयची मदत घेतली असेल तर कॉलेजचा नियम विचारून ती जाहीर करा.

सादर करण्याआधी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंध-लघुप्रबंधांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत, ४० ते ६० ला एक वर्ष सादरीकरणाला बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. श्रेय दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाण सूत्रे यांतून वगळली जातात. सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही धरत नाहीत. पण टक्का कमी म्हणजे काम स्वच्छ, असे समजू नका. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजते. नऊ टक्के साम्यात एक अख्खा परिच्छेद विनाश्रेय उचललेला असू शकतो, आणि बावीस टक्क्यांत निव्वळ नीट दिलेली अवतरणे असू शकतात. अहवाल उघडून रंगवलेली प्रत्येक ओळ वाचा. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून उतरवलेला मराठी मजकूर तपासणीत निरर्थक अक्षरे म्हणून येतो, म्हणून पूर्ण फाइल युनिकोडमध्ये आहे याची खात्री करून घ्या.

शेवटची तपासणी कागदावर करा, स्क्रीनवर नको. संदर्भसूची छापून घ्या. मजकूर पहिल्या पानापासून वाचत जा आणि जिथे कंस किंवा तळटीप येईल तिथे सूचीतल्या नोंदीपुढे बरोबरची खूण करा. नाव आणि साल दोन्ही जुळले पाहिजे. शेवटी ज्या नोंदींपुढे खूण नाही त्या मजकुरात कुठेच वापरलेल्या नाहीत. त्या काढा, किंवा विभागाची हरकत नसेल तर ‘पूरक वाचन’ अशा वेगळ्या यादीत हलवा. ज्या कंसांना नोंद सापडली नाही त्यांच्यासाठी फोटो शोधा. मग पाच संदर्भ कुठूनही निवडा आणि दिलेल्या पानावर ते वाक्य खरोखर आहे का, हे मूळ पुस्तकात उघडून बघा. पाचांपैकी दोन चुकले तर उरलेले सगळे तपासावे लागतील. त्यासाठी सादर करण्याच्या तारखेआधी आठवडाभर हाताशी ठेवा आणि मगच फाइल बाइंडिंगला द्या.